पोस्टिंगची बस येते तेव्हा गाव शेतात असतं

कॅथलिक विद्यापीठांच्या आणि महाविद्यालयांच्या परिचर्या विभागांना खुलं पत्र

प्रति,
कुलगुरू, प्राचार्य आणि संस्था चालवणाऱ्या धर्मसंघांच्या प्रमुख भगिनी यांस,

सप्रेम नमस्कार.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या केळापूर तालुक्यात राहते. उपकेंद्रावर एएनएम, म्हणजे गावची नर्स, म्हणून लागले आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातून आरोग्य सहाय्यिका म्हणून, म्हणजे लोकांच्या तोंडी एलएचव्ही बाई म्हणून, निवृत्त झाले. मी ख्रिस्ती नाही, कुठल्या मिशनशी माझा संबंध नाही आणि हे पत्र तुमच्या धर्माबद्दलही नाही. तुमच्या वेळापत्रकाबद्दल आहे.

आमच्याकडच्या मुली बारावी झाल्या की नर्सिंगचं नाव काढतात. कोणी नागपूर-वर्ध्याला जाते. ज्यांच्या ओळखीत एखादे फादर किंवा सिस्टर असतात त्या पार बंगळुरू-मंगळुरूपर्यंत पोचतात. आणि इकडे नर्सिंग कॉलेजांच्या मुली कम्युनिटी पोस्टिंगला, म्हणजे गावात जाऊन करायच्या प्रात्यक्षिकाला, आमच्या गावांत येतात. उपकेंद्राच्या ओट्यावर बसून मी हे दोन्ही वर्षानुवर्षं पाहिलंय, तेव्हा लिहायचा थोडाफार हक्क आहे असं धरते.

पोस्टिंगची बस साडेदहाच्या सुमारास येते. इस्त्रीचे युनिफॉर्म, खांद्याला कम्युनिटी बॅग, छातीशी धरलेल्या फाइली. ट्यूटर मॅडम शाळेच्या व्हरांड्यात सगळ्यांना उभं करून घरं वाटून देतात. कापसाच्या दिवसांत आमच्या बाया सकाळीच भाकरी बांधून वेचणीला गेलेल्या असतात. मजुरी किलोवर, जितकं वेचाल तितकं तुमचं. अंगावर पिणारं लेकरूसुद्धा धुऱ्यावरच्या बाभळीला बांधलेल्या झोळीत असतं. घरी राहते म्हातारी, आणि लकवा मारलेला एखादा म्हातारा.

मग पोरी म्हातारीला विचारतात, घरात माणसं किती, संडास आहे का, पाणी उकळून पिता का. म्हातारी सुचेल ते सांगते. बीपी पाहिला की खूश होते. जमिनीवर वर्तमानपत्र अंथरून बॅग ठेवायची, आधी साबण-टॉवेल काढून हात धुवायचे, मग बाकीचं सामान, ही बॅग टेक्निक मात्र पुस्तकाबरहुकूम होते, त्यात मी खोट काढणार नाही. नंतर लिंबाखाली थर्माकोलचे चार्ट आणि हात धुण्यावर पथनाट्य. प्रेक्षक कोण, तर अंगणवाडीची पोरं. दीडला डबे, अडीचला बस.

त्याच घरातली सून सात महिन्यांची गरोदर असते, रक्त सात ग्रॅम, आणि ती दोन कोसांवरच्या वावरात वाकून कापूस वेचत असते. मुलीच्या फॅमिली फोल्डरमध्ये लिहिलेलं असतं: गरोदर माता, निरंक. मुलगी खोटं लिहीत नाही. तिला ती बाई दिसलेलीच नसते.

हे सगळ्याच कॉलेजांचं आहे, तुमचं एकट्याचं नाही. मग पत्र तुम्हालाच का? ज्यांनी धंदा म्हणून कॉलेज काढलं त्यांच्याकडून मला काही अपेक्षा नाही, आणि त्यांना कागदावर शाई खर्चायची माझी तयारी नाही. तुमची गोष्ट वेगळी. नर्सिंग ही सेवा आहे असं तुम्ही म्हणता, आणि ते म्हणायला तुमच्या मागे इतिहासही आहे. तो तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला माहीत असणार, तरी थोडा सांगते, कारण माझं मागणं त्यातूनच येतं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला धर्मभगिनींनी डॉक्टरकी करणं, त्यातही बाळंतपणं करणं, तुमच्या चर्चच्या नियमांत बसत नव्हतं. ऑस्ट्रेलियाच्या डॉ. मेरी ग्लोरी १९२० मध्ये गुंटूरला आल्या आणि धर्मभगिनी झाल्या, त्यांना वैद्यकी करता यावी म्हणून थेट पोपची खास परवानगी काढावी लागली. त्याच सुमारास अ‍ॅना डेंगल ही तरुण ऑस्ट्रियन डॉक्टर रावळपिंडीत काम करत होती. तिथल्या पडदानशीन बाया पुरुष डॉक्टरला अंग दाखवत नसत आणि बाळंतपणात मरत. शिकलेली बाईच त्यांच्यापर्यंत जाऊ शकते, आणि ज्या भगिनी जायला तयार आहेत त्यांना नियम आडवा येतो, हे तिनं पाहिलं. १९२५ मध्ये तिनं वॉशिंग्टनला वैद्यकीय सेवा करणाऱ्या भगिनींचा संघ काढला आणि पुढे वर्षानुवर्षं रोमच्या मागे लागली. १९३६ च्या फेब्रुवारीत रोमहून सूचना निघाली: मिशनच्या प्रदेशांत भगिनींनी माता-बालकांची शुश्रूषा करावी, त्यासाठी डॉक्टर आणि नर्सचं रीतसर शिक्षण घ्यावं. आणि ग्लोरींनी १९४३ मध्ये ज्या संघटनेचा पाया घातला ती कॅथलिक हॉस्पिटल असोसिएशन आज कॅथलिक हेल्थ असोसिएशन ऑफ इंडिया या नावानं चालू आहे. गुंटूरच्या दवाखान्यात त्या स्थानिक मुलींना सुईणपण आणि नर्सिंग शिकवत, हेही विसरू नये.

म्हणजे घरात कोंडलेल्या एका बाळंतिणीपर्यंत पोचता यावं म्हणून तुमच्या चर्चनं आपला जुना नियम मागे घेतला. मी नियम बदला म्हणत नाही. फक्त बसची वेळ बदला म्हणते. खरं म्हणजे बसच बंद करा.

मागणं असं. बी.एस्सी. नर्सिंगचा नवा अभ्यासक्रम २०२१ पासून सत्रांचा झाला. आठवं सत्र सगळं इंटर्नशिपचं. त्यात चार आठवडे सामुदायिक आरोग्याला आणि चार प्रसूतिशास्त्राला. हे दोन तुकडे जोडा आणि आठ आठवडे मुलींना एकाच ठिकाणी, मुक्कामाला पाठवा. आमच्यासारख्या तालुक्यात, जिथे उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र आणि उपजिल्हा रुग्णालय एका रस्त्यावर येतात. चार-पाच मुलींचा एक गट, सोबत एक ट्यूटर. ट्यूटरनंही मुक्कामच करायचा. दर शनिवारी जीप घेऊन सह्या करायला येणारी ट्यूटर नको, तशा पुष्कळ पाहिल्या.

मुक्काम का, ते सांगते. बाळंतपण रात्री होतं. पोस्टिंगच्या वेळेत, साडेदहा ते अडीचमध्ये, कळा क्वचितच येतात. रात्री दोनला आशाताईचा फोन येतो की अमकीला कळा सुरू झाल्यात आणि १०२ ची गाडी दुसरीकडे गेलीय. आता काय करायचं ते पुस्तकात लिहिलेलं असतं, पण क्रम सुचत नाही. गाडीची वाट पाहायची की ट्रॅक्टर सांगायचा? बाई पहिलटकरीण की चौथ्या खेपेची? अंतर किती, मध्ये नाला आहे का, नाल्याला पाणी आहे का? पार्टोग्राफ, म्हणजे बाळंतपण कसं पुढे सरकतंय त्याचा तक्ता, परीक्षेत सगळ्या सुरेख भरतात. घामाघूम बाईच्या पोटावर हात ठेवून, तिच्या सासूशी बोलत बोलत, मोबाईलच्या उजेडात तो भरायचा असतो तेव्हा खरी परीक्षा. बाळ बाहेर आल्यावर लगेच ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन द्यायचं हे पाठ असतं. ते फ्रीजमधून आधीच काढून भरून ठेवायला हवं होतं, हे एकदा धावपळ झाली की जन्मभर लक्षात राहतं. स्किल लॅबमधल्या डमीला रक्तस्राव होत नाही.

आणि दिवसाही गाव बाहेरून कळत नाही. आमचा ऑगस्ट ते ऑक्टोबर फवारणीचा असतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी-मजूर गेले, शेकड्यांनी दवाखान्यात भरती झाले. त्यांच्यातले कित्येक आधी गावातच दोन दिवस पडून होते, कारण डोळे चुरचुरणं, मळमळ, घाम याला कुणी विषबाधा म्हणत नव्हतं, उन्हाचा त्रास म्हणत होते. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्यात हे टॉर्च मारून पाहणारी आणि “आंघोळ घाल, कपडे काढ, गाडी बोलाव” म्हणणारी नर्स गावात असली तर दोन दिवस वाचतात. सापाचंही तसंच. आमच्याकडे घोणसाला परड म्हणतात. “परड डसली” म्हटल्यावर कुठला साप, कुठलं विष, हे ज्या मुलीला कळत नाही ती रजिस्टरमध्ये ‘अज्ञात दंश’ लिहून मोकळी होते.

सिकलसेल, आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार, तर आमच्या घराघरातला. २०२३ च्या जुलैत केंद्रानं त्याच्या निर्मूलनाची मोहीम सुरू केली, २०४७ पर्यंतचं उद्दिष्ट ठेवलं. चांगलं झालं, पण विदर्भात आम्ही तो फार आधीपासून पाहतोय. सांधे धरून रडणाऱ्या पोराला गाव वातावर काढतं, शाळा कामचुकार ठरवते. लग्न ठरवताना दोन्हीकडचे वाहक निघाले तर काय होईल, हे कोणाच्या देखत बोलायचं आणि कोणाच्या नाही, मुलीच्या मावशीला आधी विश्वासात घ्यायचं की आजीला, हे कुठल्या युनिटमध्ये येतं? समुपदेशन हा शब्द तेवढा येतो.

भाषेचं वेगळंच. आमच्या तालुक्यात कोलाम पोडं आहेत, मुख्य गावापासून जरा बाजूला. कोलाम ही महाराष्ट्रातल्या तीन आदिम जमातींपैकी एक. दुसऱ्या दोन म्हणजे कातकरी आणि माडिया. पोडावरची म्हातारी मराठी समजते, पण दुखणं कोलामीतच सांगते. आमच्या भागात एका मिशनच्या दवाखान्यात केरळच्या एक सिस्टर होत्या. कोलामी त्या माझ्यापेक्षा चांगली बोलायच्या. मी लसीकरणाला पोडावर गेले की बाया म्हणायच्या, “काहून वं बाई, तुमच्या त्या सिस्टर नाई आल्या?” मला थोडा रागच यायचा. पण त्यांनी ती भाषा कुठल्या वर्गात शिकली नव्हती. त्या तिथे राहत होत्या.

कोणी म्हणेल, खेड्यात मुली काय नवीन शिकणार, तिथे ना व्हेंटिलेटर ना आयसीयू. गडचिरोलीचं उदाहरण घ्या. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’नं ३९ गावांत गावातल्याच बायांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवलं. नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले, १९९९ मध्ये ते ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं, आणि आज देशभरची आशा जी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी बाळ पाहायला घरी जाते, तिचं मूळ त्या गावांत आहे. तुमच्या मुली परीक्षेत एचबीएनसीवर, म्हणजे नवजात बाळाच्या याच घरच्या काळजीवर, टीप लिहितात. ज्या जिल्ह्यात ते घडलं तो आमच्या विदर्भातच आहे, या आणि बघा.

आणखी एक व्यावहारिक कारण आहे. आता उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी असतो, आणि त्या पदाला बी.एस्सी. नर्सिंगची मुलगी चालते. मैदानी भागात पाच हजार, आदिवासी भागात तीन हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, हा निकष. त्या तीन हजार माणसांचा मधुमेह, रक्तदाब, क्षय, गरोदर बाया, पहिला उपचार आणि पुढे कुठे पाठवायचं त्याचा निर्णय, सगळं बावीस-तेवीस वर्षांच्या मुलीच्या हाती. डॉक्टर बाजूला नसतो. चार वर्षं वॉर्डात इन्चार्ज सिस्टरच्या मागे फिरलेली मुलगी पहिल्या आठवड्यात रडते. मी रडताना पाहिल्यात, हुशार मुली.

या आठ आठवड्यांत तिथली एएनएम ही शिक्षक असली पाहिजे, लॉगबुकवर सही तिची आणि गुणांत वाटा तिचा. इथे तुम्हाला जड जाईल. एम.एस्सी. झालेल्या ट्यूटरला दोन वर्षांचा कोर्स केलेल्या एएनएमचं मत विचारायचं म्हणजे अवघडच. पण ज्या बाईनं पंधरा-वीस वर्षं एकाच उपकेंद्रावर काढलीत तिला त्या तीन हजार माणसांतली प्रत्येक जोखमीची बाई तोंडपाठ असते. गरोदर बाया आणि लेकरांच्या नोंदींचं सरकारी आरसीएच पोर्टल बंद पडलं तर चालतं, ती रजेवर गेली तर चालत नाही.

आता अवघड विषय. तो टाळला तर हे पत्र अर्धवट राहील.

कृत्रिम गर्भनिरोधन तुमच्या चर्चला मान्य नाही. १९६८ मध्ये सहावे पोप पॉल यांनी ते पुन्हा स्पष्ट केलं. तुमच्या श्रद्धेवर मला काही म्हणायचं नाही. पण उपकेंद्रावरच्या नर्सच्या रोजच्या कामात तांबी आहे, अंतरा इंजेक्शन आहे, छाया आणि माला-एनच्या गोळ्या आहेत, ऑपरेशनच्या शिबिराची यादी आहे. पुस्तकात हे सगळं आहे, तुम्ही शिकवताही. शिकवणं आणि हाताला वळण लागणं यात मात्र अंतर आहे. कॅथलिक कॉलेजातून आलेली एक मुलगी माझ्या हाताखाली होती. बाळंतीण हाताळायला इतकी सुरेख की मी तिला बघत राहायचे. पण तांबी तिनं फक्त चित्रात पाहिलेली. कुठलं कॉलेज ते सांगण्यात अर्थ नाही.

एखादी सिकलसेलची बाई, दोन बाळंतपणांत दोनदा मरता मरता वाचलेली, पाळी चुकायच्या आत माझ्याकडे येऊन म्हणते, “बाई, आता काई करा.” तिला तिसरी खेप नको आहे, ती तिच्या जिवावर बेतेल. नवऱ्याशी बोलून तारखा मोजायचा सल्ला मी तिला देऊ शकत नाही. तिच्या घरात तारखा तिच्या हातात नसतात. गर्भपाताचा कायदा १९७१ चा, २०२१ मध्ये काही स्त्रियांसाठी त्याची मुदत २४ आठवड्यांपर्यंत वाढली. नर्सनं गर्भपात करायचा नसतोच. पण आलेल्या बाईला कायद्यानं काय मिळतं आणि कुठे मिळतं हे तिनं नीट सांगायला हवं. गप्प राहिली तर ती बाई गावातल्या कुठल्या तरी बोगस डॉक्टरकडे जाते.

तुमच्या दवाखान्यात तुम्हाला हे करायचं नसेल तर करू नका, तुमचा हक्क आहे. माझं मागणं एवढंच की या कामाची पोस्टिंग सरकारी रुग्णालयात लावा, पूर्ण लावा, आणि ज्या मुली तुमच्या धर्माच्या नाहीत त्यांना ते शिकताना अपराधी वाटू देऊ नका. एखाद्या मुलीच्या मनाला पटत नसेल तर तिनं तसं उघड सांगावं, तेही मला चालेल. मात्र न शिकलेलं लॉगबुकमध्ये शिकलं म्हणून लिहू नये.

मुक्कामाचं बोलले. आता आमच्या मुलींचं.

१९९० मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी कॅथलिक विद्यापीठांसाठी जे धर्मपत्र काढलं, त्यात म्हटलंय की उच्च शिक्षण सर्वांना, विशेषतः गरिबांना आणि ज्यांना ते आजवर मिळालं नाही अशा गटांना, मिळेल अशा वाटा विद्यापीठानं शोधाव्यात. आमच्याकडच्या एका फादरांनी मला ते दाखवलं. वाचून बरं वाटलं. पण प्रवेशाच्या काउंटरवर काय होतं? तुमच्या संस्था अल्पसंख्याक म्हणून घटनेच्या पंधराव्या कलमातल्या आरक्षणाच्या तरतुदीतून वगळलेल्या आहेत, म्हणजे जागा राखून ठेवायची सक्ती तुमच्यावर नाही. त्यात आता स्वतंत्र विद्यापीठ व्हायची ओढ. जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारनं निर्णय काढला: आठ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या घरांतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. पण प्रवेश केंद्रीभूत फेरीतून हवा, आणि खासगी अभिमत व स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं त्यातून वगळलेली. नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाशी संलग्न कॉलेजात फेरीतून गेलेल्या कुणबी किंवा तेली घरातल्या मुलीला जी माफी मिळते, ती स्वतंत्र खासगी विद्यापीठात मिळत नाही. महाराष्ट्रात विद्यापीठाचा दर्जा घ्यायचा विचार जो कोणी करत असेल, त्यानं हे घाटंजी-झरीच्या बापाला आधी सांगावं. त्याला वाटतं, मोठं नाव म्हणजे मोठी सोय.

सक्ती नसताना तुम्ही कोलाम, गोंड, बौद्ध, मातंग, छोट्या शेतकऱ्यांच्या घरच्या मुलींसाठी जागा राखल्या आणि शुल्काचा भार संस्थेनं उचलला, तर त्या धर्मपत्राला काही अर्थ आहे. आणि घेतलंच तर पहिल्या वर्षी त्यांना सोडून देऊ नका. जिल्हा परिषदेच्या शाळेतून, मग तालुक्याच्या कनिष्ठ महाविद्यालयातून मराठीत विचार करत आलेली मुलगी अ‍ॅनाटॉमीच्या पहिल्या पेपरला इंग्रजीनं मार खाते. तिला फीमर, म्हणजे मांडीचं हाड, कळत नाही असं नाही, वाक्य जुळत नाही. वर्ग सुरू व्हायच्या आधी महिनाभर भाषेची तयारी, पहिल्या वर्षी मराठीत समजावून सांगणारी एक ट्यूटर. केरळातून आलेल्या भगिनींना हे वेगळं सांगायला नको, मराठी शिकताना त्यांनाही हेच झालं असेल. आणि जी मुलगी गोंडी किंवा कोलामी जाणते तिला त्याचे गुण द्या, हॉस्टेलमध्ये ती भाषा लपवायला लावू नका.

मूळ कागद अडकवून ठेवणं आणि बाँड, याबद्दल थोडक्यात. आमच्या गावच्या एका मुलीचे दहावी-बारावीचे मूळ दाखले एका संस्थेनं दोन वर्षं दिले नाहीत, त्यामुळे तिची सरकारी भरती हुकली. ती संस्था तुमची होती की नाही ते मी लिहीत नाही. तुमच्याकडे असं होत नसेल, तर प्रवेशाच्या माहितीपत्रकात ठळक छापा.

आणि पगार. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर नेमलेल्या समितीनं म्हटलं की पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही नर्सला महिन्याला २०,००० पेक्षा कमी देऊ नये, आणि रुग्णालय मोठं असेल तसा सरकारी पगाराच्या जवळ न्यावा. तुमच्या मिशन हॉस्पिटलांत किती देता? आमच्या मुली परदेशी जातात म्हणून हळहळणारे पुष्कळ भेटतात. मी त्यांना अडवणार नाही, बापाचं कर्ज फेडायचं असतं. पण तुमच्याच हॉस्पिटलात ती सेवा म्हणून निम्म्या पगारावर राबली, तर उद्या ती खेड्यात सेवा हा शब्द ऐकूनच पळेल.

शेवटचा मुद्दा नाजूक आहे. २०२५ च्या जुलैत दुर्ग स्टेशनवर दोन धर्मभगिनींना अटक झाली, सोबत कामाला निघालेल्या तरुण मुली होत्या. भगिनींना पुढे जामीन मिळाला. ती बातमी आमच्या गावांतही पोचली आणि त्यानंतर मुलीला मिशनच्या कॉलेजात पाठवताना बाप दोनदा विचार करतो, शेजारी तिसऱ्यांदा करायला लावतो. याचा सगळा दोष तुमचा नाही. पण उत्तर तुम्हीच देऊ शकता. प्रवेशाआधी पालकांना गावात भेटा, ग्रामसभेत भेटा. हॉस्टेलमध्ये प्रार्थना असते का, ती सक्तीची आहे का, सण साजरे करता येतात का, गणपती-भीमजयंतीला घरी सोडता का, हे मराठीत लिहून द्या. लपवाछपवी नसली की अफवेला खायला मिळत नाही.

आता कामाचं. आठ आठवड्यांची पहिली तुकडी पाठवायची असेल तर दिवाळी उलटल्यावर पाठवा, वेचणी जोरात असते तेव्हा. मुलींनी पहाटे बायांबरोबर शेतात जावं, धुऱ्यावर तपासणी करावी, तिथेच हिमोग्लोबिन काढावं. राहायला तालुक्याच्या गावी खोल्या मिळतात. आरोग्य केंद्राची रिकामी क्वार्टर्स असतील तर तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना पत्र द्यावं लागेल, परवानगी जिल्हा परिषदेची. संडास-पाणी आधी येऊन बघून जा, नंतर तक्रार नको. जेवणाची सोय बचत गटाच्या बाया करतील, त्यांना पैसे वेळेवर द्या. मांसाहाराचं आधी सांगून ठेवा, काही घरी चालतं, काही घरी नाही. कोलामी शिकवायला दोन बाया माझ्या माहितीत आहेत, त्यांनाही मानधन लागेल. पुढच्या वर्षाचं वेळापत्रक तुमच्याकडे मे-जूनमध्ये ठरतं. त्याआधी उत्तर आलं तर मी आरोग्य केंद्रात बोलून ठेवते.

आपली,
एक निवृत्त आरोग्य सहाय्यिका
तालुका केळापूर, जिल्हा यवतमाळ